आठ महिने कानात बीकन घेऊन: काय चालू ठेवलं, काय बंद केलं

रेटिनायटिस पिग्मेंटोसा या डोळ्यांच्या पडद्याच्या आजाराने माझी नजर हप्त्याहप्त्याने नेली. आधी रात्रीचं दिसेना, मग कडा गेल्या, आता उजेड आणि अंधार तेवढा कळतो. मोबिलिटीचं ट्रेनिंग झालंय, पांढरी काठी हातात असते. हे आधीच सांगतो, कारण डोळस मंडळी ऑडिओ एआर, म्हणजे आजूबाजूच्या जागा कानात आवाजाने दाखवणारं ॲप, म्हटलं की लगेच ‘मग आता काठी नको ना?’ असं विचारतात. खड्डा काठीच सांगते. ॲपला खड्डा दिसत नाही.

मी वापरतो ते ॲप साउंडस्केपच्या वंशातलं. मायक्रोसॉफ्टने साउंडस्केप २०१८ मध्ये आयफोनसाठी आणलं, २०२३ मध्ये बंद केलं, पण जाताना कोड खुला करून गेले. त्या कोडवर इतरांनी ॲप्स उभी केली, त्यातलं हे एक. नकाशाची माहिती ओपनस्ट्रीटमॅपची. हेडफोन बोन कंडक्शनचे, म्हणजे कानाच्या पुढे गालाच्या हाडावर बसणारे. कानाचं भोक मोकळं राहतं, आणि ते राहायलाच हवं. कानात बोंडं कोंबून रस्त्यावर उतरणं म्हणजे आमच्यासाठी डोळ्यांवर पट्टी बांधण्यासारखंच.

नेहमीचं नेव्हिगेशन ‘डावीकडे वळा’ म्हणतं आणि आपण वळतो. इथे तसं नाही. ठिकाण निवडलं की तिथे जणू कोणीतरी टकटक करत उभं राहतं. हाच बीकन. ठिकाण डावीकडे असेल तर टकटक डाव्या कानाशी, मी वळलो की ती सरकत समोर येते आणि अगदी नाकासमोर आली की तिच्यात एक बारीक टिंग मिसळतं. जायचं कुठून, ते माझं मी ठरवायचं. डावीकडून येणारा आवाज डाव्या कानाला उजव्यापेक्षा अगदी थोडा आधी पोचतो, हा फरक जास्तीत जास्त ०.६-०.७ मिलिसेकंदांचा. एवढ्यावर मेंदू दिशा ओळखतो, आणि ॲप हेडफोनमध्ये तोच फरक मुद्दाम तयार करतं.

याचा खरा फायदा मला मैदानात कळला. डोळसांना मोकळी जागा सोपी वाटते, आम्हाला तीच सगळ्यात अवघड. भिंत नाही, कठडा नाही, काठीला धरायला काहीच नाही. रोजच्या रस्त्यात असं एक मैदान आहे. वर्षानुवर्षं मी त्याच्या कुंपणाला धरून पूर्ण वळसा घालत आलो. तिसऱ्या आठवड्यात पलीकडच्या फाटकावर बीकन लावला आणि तिरपा निघालो. मध्यावर पाय अडखळले, कारण काठी नुसत्या गवतावर फिरत होती. पण टिंग समोरच होतं. फाटकाची लोखंडी पट्टी काठीला लागली तेव्हा मी उगाचच दोनदा वाजवून पाहिली. मोकळ्या आकाशाखाली फोनचा जीपीएस साधारण ५ मीटरपर्यंत बरोबर असतो, म्हणून मैदानात हे चांगलं जमतं. उंच इमारतींमधल्या गल्लीत मात्र सिग्नल भिंतींवर आपटून येतो आणि बीकन कधीकधी रस्त्याच्या भलत्याच बाजूला जाऊन बसतो.

फजितीही झाली. एका दवाखान्यात जायचं होतं. बीकन लावला, सरळ चालत गेलो, ‘जवळ आलात’ ऐकलं आणि टकटक थांबली. समोर कंपाउंडची भिंत. नकाशावरची खूण इमारतीच्या मधोमध होती आणि मी मागच्या बाजूने आलो होतो. दहा मिनिटं भिंत चाचपत फिरलो. आता कुठेही पहिल्यांदा गेलो की दारात उभा राहून स्वतःची खूण सेव्ह करतो. शेवटचे दहा-पंधरा मीटर तरीही काठीचे, नाहीतर कोणाला तरी विचारायचे. एक कटकट अशी की खुणेचं नाव देवनागरीत दिलं तर ॲपचा इंग्रजी आवाज ते गिळून टाकतो. म्हणून माझ्या सगळ्या खुणा रोमन लिपीत आहेत आणि त्यांचे उच्चार ऐकून घरचे हसतात.

दुसरी अडचण पुढे-मागेची. आवाज अगदी समोर असो वा अगदी पाठीमागे, दोन्ही कानांना सारखाच पोचतो. खऱ्या आवाजात कानाची पाळी थोडं सांगते आणि उरलेलं आपण मान हलवून ओळखतो. माझ्या हेडफोनला डोक्याची हालचाल कळत नाही, त्यामुळे नुसती मान वळवून उपयोग नाही. दिशा घ्यायची तर फोन तळहातावर आडवा धरून फिरायचं. मग एका हातात काठी, दुसऱ्यात फोन, आणि पिशवी दातात धरायची का? शिवाय लोखंडी कठड्याजवळ फोनचं होकायंत्र भरकटतं. अशा ठिकाणी मी टकटकीवर विश्वास ठेवत नाही, वाहनांचा आवाज कुठून कुठे जातोय त्यावरून दिशा धरतो.

मध्ये चार दिवस ‘द व्हॉइस’ हे चित्राचा आवाज करणारं ॲपसुद्धा ऐकून पाहिलं. पीटर मायर यांनी त्याची पद्धत १९९२ मध्ये मांडली होती. कॅमेऱ्यातलं चित्र डावीकडून उजवीकडे साधारण एका सेकंदात ‘वाजतं’: वरची गोष्ट उंच स्वरात, उजळ गोष्ट मोठ्याने. जिन्याचा उजळ कठडा चढत्या सुरासारखा ऐकू आला तेव्हा अंगावर काटा आला. पण ते शिकायला महिनेच्या महिने रियाज हवा, माझ्यात तेवढी चिकाटी नाही.

सुरुवातीला ॲपमधली प्रत्येक घोषणा चालू होती: दुकानं, बाकं, थांबे, चौक, सगळं. संध्याकाळी डोकं उठायचं. एकदा चौकात ॲप दुकानाचं नाव सांगत असताना कडेने सायकल गेली, मला कळलीच नाही. त्या रात्री बसून दुकानं बंद केली, मग बाकं, मग थांबे. आता फक्त बीकन, चौकांची नावं आणि माझ्या खुणा बोलतात. रस्ता ओलांडताना बीकनही बंद. बाकी आजूबाजूला काय आहे ते हवं असेल तेव्हा थांबून बटण दाबून विचारतो.

पावसात अजून जमत नाही. छत्रीवरच्या आवाजात टकटक बुडून जाते, आणि ओल्या बोटांना स्क्रीन दाद देत नाही. त्या दिवसांत मैदानाला कुंपणाकडूनच वळसा घालतो.