पंचगंगेवर रबरी बोट, ११ महिने: सगळं बरं आहे, व्हॉल्व्ह सोडून

बोटीत हवा भरायचा एक व्हॉल्व्ह गळत होता, त्या तक्रारीवर काल सर्व्हिस सेंटरचं शेवटचं उत्तर आलं. व्हॉल्व्हमध्ये गाळ सापडला, म्हणजे गैरवापर झाला, म्हणून वॉरंटी मिळणार नाही. नदीत चालवायला विकलेल्या बोटीत नदीचा गाळ गेला तर तो गैरवापर कसा? ११ महिने कुठं काही लिहिलं नव्हतं, आता लिहितो.

बोट हवा भरून फुगवायची. ३ मीटर ३० सेंटिमीटरची, पीव्हीसीची, हवेचे तीन कप्पे, आत फळ्यांचा तळ. ६२ हजार मोजले. ५ एचपीचं टू-स्ट्रोक इंजिन जुनं घेतलं, ते वेगळं. शौक म्हणून घेतलेली नाही. आमचं गाव कोल्हापूरजवळचं प्रयाग चिखली, पंचगंगेच्या काठाला. २०१९ ला पाणी घरात आलं, २०२१ ला परत आलं. दोन्ही वेळेला आम्ही माडीवर बसून बोटीची वाट बघितली. आई दोन्ही वेळेला फक्त म्हशींचं विचारत होती. पाणी उतरल्यावर ठरवलं, पुढच्या वेळेला आपली बोट असायची. तीन वर्षं पैसे बाजूला टाकले, तेव्हा ही आली.

आधी चांगलं सांगतो, कारण चांगलं बरंच आहे. कापड दमदार आहे. बाभळीचा काटा एकदाच लागला. गावातल्या पंक्चरवाल्यानं सायकलचं सोल्युशन लावून ठिगळ मारलं, ते दोन दिवसांत सुटलं. पीव्हीसीला ते सोल्युशन धरत नाही, पीव्हीसीचाच गोंद लागतो. चपलांचे तळ चिकटवायचा पॉलियुरेथेनचा गोंद एका चप्पलवाल्याकडून आणला, पृष्ठभाग घासून लावला, तो अजून हललेला नाही. इंजिनाबद्दल तक्रार नाही. केंदाळ (जलपर्णी) पंख्याला गुंडाळलं की बंद करून, वर उचलून, हातानं काढायचं. पेट्रोल टाकीत महिना महिना ठेवू नका. आता त्यात इथेनॉल मिसळलेलं असतं, ते पाणी ओढतं आणि कार्बोरेटर चोंदतो. इथेनॉलचा ऊस आपलाच आहे, तरी इंजिन ऐकत नाही.

आता व्हॉल्व्ह. मधली दांडी दाबून फिरवली की उघडा राहतो, वर आली की बंद. बंद असताना आतली रबरी चकती बसते आणि हवा अडते. त्या चकतीखाली वाळूचा एक कण गेला की संपलं. डाव्या कप्प्याचा व्हॉल्व्ह पहिल्या महिन्यापासून असाच. संध्याकाळी पंपानं टणक भरायचा, पहाटे बघायला जावं तर अंगठा आत जातोय. मी बरोबर व्हॉल्व्हवर कान लावून बसायचो. आवाज येत नव्हता, पण हवा जात होती.

तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं होतं, तिन्ही व्हॉल्व्ह वाईट, ही बोट घेऊ नका. ते माझं बोलणं निम्मं चूक होतं आणि ते इथं मागं घेतो. संगमावर तात्यांचं पत्र्याचं खोपट आहे. बोट तिथंच असते. त्यांच्या लाकडी नावेशेजारी बांधतो, जो शेवटी जाईल त्यानं दोन्हींवर ताडपत्री टाकायची, असं ठरलंय. तात्यांनी एक दिवस बघितलं आणि म्हणाले, "पोरा, उन्हात भरतोस आणि पाण्यात सोडतोस. गार पाण्यात हवा आकसणारच की." तिथंच उलगडा झाला. आता मी बोट पाण्यात सोडतो, दहा मिनिटं थांबतो आणि मग उरलेली हवा मारतो. उजवा कप्पा आणि पुढचा कप्पा तेव्हापासून दिवसभर टणक राहतात. म्हणजे दोन व्हॉल्व्ह चांगले होते आणि मी त्यांना नावं ठेवत होतो.

डावा मात्र खरोखर गळत होता. साबणाचं पाणी लावलं तर कडेच्या आट्यांमधून मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक. दांडीत नाही, कडेला. व्हॉल्व्हचे दोन भाग आट्यांनी एकमेकांत आवळलेले असतात, तेच सैल होते. आवळायला एक खास चावी लागते. ती बोटीबरोबर दिलीच नाही! ६२ हजारांच्या बोटीत पंप देतात, पिशवी देतात, वल्ही देतात, आणि जिच्याशिवाय पाण्यावर भरवसा ठेवता येत नाही ती चावी देत नाहीत. फोन केला तर ८५० रुपये आणि वर कुरिअर. नाहीतर बोट पुण्याला पाठवा म्हणाले, तीही माझ्याच खर्चानं. ३५ किलोची बोट एका चावीसाठी पुण्याला?

मी बोटीची गुंडाळी करून टेम्पोत टाकली आणि कोल्हापुरात उद्यमनगरला नेली. एका लेथवाल्यानं व्हॉल्व्हच्या आत हाताचं बोट घालून चावी बसायचे दात मोजले, व्हर्नियर लावून माप घेतलं, नायलॉनचा गज धरला आणि अर्ध्या तासात चावी हातात दिली. २०० रुपये. पैसे देताना म्हणाला, "पुराला लागंल ही, नीट ठेवा." त्याच्या दुकानातच व्हॉल्व्ह खोलला. आटे घासून धुतले, चकतीखालून चिमूटभर गाळ निघाला, परत आवळला. साबणाचं पाणी लावलं, एक बुडबुडा नाही.

हे पाऊस लागायच्या पंधरा दिवस आधीचं. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून ४३ च्या धोक्याकडे निघालं, राधानगरी धरणाची दारं उघडल्याचे फोन सुरू झाले आणि आमचा खालचा रस्ता बुडाला. दूध पलीकडच्या बाजूला पोचवायचं होतं. चार दिवस सकाळ-संध्याकाळ आम्ही कॅन नेले, एका फेरीला ४० लिटरचे तीन. येताना वैरणीच्या पेंढ्या. तात्या पुढं बसून बांबूनं पाण्याखालचे बांध तपासत. प्रत्येक फेरीला डाव्या कप्प्यावर मी अंगठा दाबून बघितला. बसला नाही.

तरीही माझं मत ठाम आहे. बोट घ्या, पण चावी हातात मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका. दुकानदार नंतर पाठवतो म्हणाला तरी ऐकू नका. भरताना ओल्या काठावर नाही, ताडपत्रीवर भरा, दांडी उघडण्याआधी बुचाभोवतीची माती पुसा. आणि सर्व्हिस सेंटरला माझं उत्तर एवढंच आहे की तीच गाळाची नदी, तोच व्हॉल्व्ह, चार दिवस पुरात हवा गेली नाही.

चावी तात्यांच्या खोपटात खिळ्याला टांगलीय. गेल्या महिन्यात आंबेवाडीचे दोघं नेऊन आपापले व्हॉल्व्ह आवळून परत देऊन गेले. असाच व्हॉल्व्ह असलेली बोट कुणाकडं असेल तर या.