होमस्टेची जुनी वेबसाइट: तशीच ठेवावी, उतरवावी की दुरुस्त करावी?

मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर चार-पाच खोल्यांचे होमस्टे चालवणाऱ्यांपुढे हल्ली एक प्रश्न हमखास येतो. आठ-दहा वर्षांपूर्वी हौसेने करून घेतलेली वेबसाइट आहे, पण तिच्यावरून कोणी येत असल्याचे दिसत नाही. मग तिच्यावर पुन्हा पैसे घालावेत, की ती उतरवून गुगल नकाशावरची नोंद आणि व्हॉट्सअ‍ॅप यांवर भागवावे? आहे तशी चालू ठेवण्याचा तिसरा मार्ग बहुतेक जण न ठरवताच स्वीकारतात, आणि माझ्या मते तिन्हींत तोच सर्वांत महागडा आहे.

ओळखीच्या एका होमस्टेची वेबसाइट अलीकडे मोबाइलवर उघडून पाहिली. खोल्या नुकत्याच रंगवलेल्या, घरचे जेवण उत्तम, हे मला स्वतःला ठाऊक होते. वेबसाइट मात्र वेगळेच सांगत होती. पत्त्याच्या पट्टीत प्रथम ‘सुरक्षित नाही’ असा शेरा दिसला, कारण एन्क्रिप्शन (माहिती सांकेतिक रूपात पाठवण्याची सोय) नसलेल्या प्रत्येक संकेतस्थळावर क्रोम जुलै २०१८ पासून तो दाखवतो. त्यानंतर कॅमेऱ्यातून काढून तसेच चढवलेले चार-चार एमबीचे सहा फोटो एकामागून एक उलगडेपर्यंत पडदा पांढराच राहिला. संपर्काच्या पानावर ०२३६५ ने सुरू होणारा दूरध्वनी होता. ते कनेक्शन केव्हाच काढून टाकलेले आहे. ‘कसे याल’ या पानानुसार जवळचा विमानतळ म्हणजे गोव्यातले दाबोळी. २०२१ मध्ये सुरू झालेला सिंधुदुर्गातल्या चिपीचा, २०२३ मध्ये सुरू झालेला गोव्यातल्या मोपाचा आणि त्याच वर्षी कणकवलीला थांबू लागलेली वंदे भारत यांचा तेथे मागमूस नव्हता. सिंधुदुर्ग किल्ल्याची सफर ‘बारमाही’ म्हणून छापलेली होती. वास्तविक मे महिन्याच्या अखेरीपासून ऑगस्ट संपेपर्यंत किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या बंद असतात.

हे सगळे दोष सारखे नसतात. रंगसंगती जुनाट असली तर पाहुणा फार तर नाक मुरडतो, विमानतळाची चूक तो स्वतः शोधून दुरुस्त करतो. सर्वांत घातक ठरतो तो जुना दर. वातानुकूलित खोली १,८०० रुपये असे वेबसाइटवर लिहिलेले आणि प्रत्यक्ष दर २,८०० रुपये, अशी स्थिती असली की पाहुणा दारात उभा राहून मोबाइलवरचे ते पान पुढे करतो. मग रात्रीमागे हजार रुपये सोडायचे, की एका ताऱ्याचा अभिप्राय पत्करायचा, एवढेच हाती उरते. आणि तो अभिप्राय वेबसाइटपेक्षा जास्त वर्षे टिकतो.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. ‘वेबसाइटवरून कोणी येत नाही’ हे वाक्य अर्धवट खरे आहे. होमस्टेचे नाव पाहुण्याला सहसा नातेवाइकाकडून, रस्त्यावरच्या पाटीवरून किंवा बुकिंगच्या एखाद्या मोठ्या अ‍ॅपवरून कळलेले असते. वेबसाइट तो उघडतो ती यूपीआयने आगाऊ रक्कम पाठवण्यापूर्वी, खात्री करून घेण्यासाठी. म्हणजे पैसे द्यायची तयारी झालेला माणूसच तेथे येतो, आणि बंद फोन व जुने फोटो पाहून शंकेने मागे फिरतो. पुष्कळदा तो तुमच्याकडेच येतो, पण परत त्या अ‍ॅपवरून. अ‍ॅपचे कमिशन १५ टक्के धरले, तर २,८०० रुपयांच्या खोलीमागे ४२० रुपये गेले, आणि ते कोठे गेले याची नोंद कोणत्याही वहीत होत नाही.

आता दुसरा मार्ग. गुगल नकाशावरची व्यवसाय-नोंद मोफत असते, फोन नंबर बदलायला पाच मिनिटेही लागत नाहीत आणि पाहुण्यांचे अभिप्राय तेथेच दिसतात. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर खोल्यांचे फोटो व दर यांची यादी लावता येते. दोन-तीन खोल्या असतील आणि घरातले एक माणूस दिवसभर फोनजवळ असेल, तर एवढ्यावर उत्तम भागते. निकृष्ट वेबसाइटपेक्षा ही व्यवस्था नक्कीच बरी. उणीव आहे ती मालकीची. व्यवसाय-नोंदीतून मोफत तयार होणारी छोटी संकेतस्थळे गुगलने मार्च २०२४ मध्ये बंद केली, आणि जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली तेव्हा तेथे जमवलेला प्रेक्षकवर्ग एका रात्रीत गेला. शिवाय नकाशावरच्या नोंदीत ‘बदल सुचवा’ हा पर्याय कोणालाही खुला असतो, त्यामुळे अधूनमधून ती स्वतः उघडून तपासावीच लागते. (जेवणात मासे नको असलेल्यांची सोय आहे का, गाडी अंगणात येते का, याच प्रश्नांना दिवसातून दहा वेळा उत्तरे लिहिण्याचा कंटाळा ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना एका नीट पानाची किंमत वेगळी सांगायला नको.)

दुरुस्ती की नवी वेबसाइट, हा प्रश्न त्यानंतरचा. आणि त्याचे उत्तर डोमेन, म्हणजे वेबसाइटचा नोंदवलेला पत्ता, कोणाच्या नावावर आहे यावर अवलंबून असते. आमच्या नात्यातल्या एका व्यवसायाचे डोमेन वेबसाइट करून देणाऱ्या मुलाने स्वतःच्या ईमेलवर नोंदवले होते. पुढे त्याने तो उद्योग सोडला, नूतनीकरणाची पत्रे त्याच्या जुन्या ईमेलवर पडून राहिली, मुदत संपली आणि काही महिन्यांनी त्याच पत्त्यावर जुगाराच्या जाहिराती दिसू लागल्या. अंगणातल्या पाटीवर तो पत्ता रंगवलेला होता. म्हणून कोणालाही काम देण्यापूर्वी डोमेन आपल्या नावावर, आपल्या ईमेलवर आणि आपल्या मोबाइल नंबरवर करून घ्यावे. तसे करायला समोरचा टाळाटाळ करू लागला, तर काम दुसऱ्याला द्यावे.

डोमेन हाती असेल तर दुरुस्तीने बरेच साधते. ‘सुरक्षित नाही’ हा शेरा घालवणारे सुरक्षा प्रमाणपत्र आता मोफत मिळते, फोटो लहान करून चढवणे हे एका दुपारचे काम आहे, आणि मराठी मजकूर जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला असल्यामुळे इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसत असेल, तर तो युनिकोडमध्ये (सर्व उपकरणांवर सारखी दिसणारी अक्षरपद्धती) बदलून घेता येतो. मोबाइलवर अक्षरे मुंगीएवढी दिसत असतील, तर मात्र डागडुजीत पैसे घालू नयेत. मराठी व इंग्रजीतले एकच साधे पान नव्याने करून घ्यावे. त्यावर खोल्या, चालू नंबर, नकाशा आणि होड्या कधी बंद असतात ती तारीख, एवढे पुरे. हलणारी अक्षरे आणि भेट देणाऱ्यांचा आकडा कोणी फुकट देऊ केला तरी घेऊ नये.

खोल्यांचे दर वर्षातून दोनदा बदलतात आणि ते वेबसाइटवर बदलायला घरात कोणी नाही, असे असेल तर दर लिहूच नयेत. वेबसाइट उतरवायचे ठरले, तरी डोमेनचे पैसे दरवर्षी भरत राहावेत आणि तो पत्ता नकाशावरच्या नोंदीकडे वळवून ठेवावा. कामाला हात घालायचा तर किल्ल्याच्या होड्या बंद असतात त्याच महिन्यांत घालावा, कारण दिवाळीच्या सुट्टीची चौकशी गणपती विसर्जनाच्याही आधी सुरू होते.