ऊस कुणाला घालावा? तोड, काटा आणि बिल: बेळगाव भागातल्या कारखान्यांच्या सेवेचा आढावा

कारखाना निवडताना बहुतेकजण फक्त जाहीर दर बघतात. खानापूर, निपाणी, कागवाड या पट्ट्यात शेजारशेजारच्या कारखान्यांच्या दरात फरक असून असून किती असणार? नफा-तोटा ठरतो तो तोडीत, काट्यावर (म्हणजे गाडीचं वजन होतं तिथे) आणि बिलात. हा आढावा कुणा एका कारखान्याचा नाही. खासगी-सहकारी दोन्हींकडे कमीअधिक हेच चालतं.

सगळ्यात वाईट सेवा तोडीची. तोडचिठ्ठी (ऊस तोडायचा कारखान्याचा परवाना) लागणीच्या तारखेच्या क्रमाने निघाली पाहिजे. म्हणून नोंद करताना तारीख, जात, क्षेत्र आणि सर्व्हे नंबर लिहिलेली पावती घ्यावीच; पावती कन्नडात असेल तर आकडे तिथेच ताडून बघावेत. पुढे मात्र क्रम स्लिपबॉयच्या, म्हणजे चिठ्ठ्या वाटणाऱ्या कारखान्याच्या माणसाच्या, हातात जातो. वाटेकडेला पाच एकरांचा सलग फड असला की तोडणी मजुरांची टोळी लगेच येते. आत वीस गुंठे असले की "ट्रॅक्टर रुतेल" म्हणतात. यात थोडं खरंही आहे, कारण टोळीला दिवसात गाडी भरायची असते. पण संचालकाच्या पाहुण्याच्या आतल्या रानात तोच ट्रॅक्टर रुतत नाही! उशीर झाला की तुरा येतो, ऊस पोकळ पडतो, वजन घटतं आणि खोडवाही (तोडीनंतर त्याच बुडख्यांतून येणारं पुढचं पीक) मागे पडतो. मग टोळीला खुशाली आणि ड्रायव्हरला एन्ट्री, म्हणजे वरचे पैसे, देऊन पाळी ओढून घ्यावी लागते. ही रक्कम कुठल्याच पावतीवर येत नाही आणि लहान शेतकऱ्याला टनामागे तीच जास्त पडते.

काट्याबद्दल संशय फार, तपासणी कमी. काट्यावर वैधमापन खात्याचा चालू वर्षाचा शिक्का आहे का, हे आधी बघावं. गाडी चढण्यापूर्वी पडद्यावर शून्य दिसलं पाहिजे. खरी गडबड बहुधा रिकाम्या गाडीच्या वजनात होते. ते दर खेपेला घ्यायला हवं; जुनाच आकडा चढवला तर मधल्या काळात झिजलेल्या टायरचं आणि काढून ठेवलेल्या साखळ्यांचं वजनही शेतकऱ्याच्या उसातून वजा होतं. भरलेल्या वजनाला ड्रायव्हर खाली उतरलेला आणि रिकाम्याला वर बसलेला, असंही होतं. एका माणसाचे साठ-सत्तर किलो, खेपेला. बाहेरच्या काट्यावर वजन करून आणायला कारखाना हरकत घेत असेल, तर तिथे ऊस घालण्याआधी दोनदा विचार करावा. यार्डात गाडी दीड-दोन दिवस उभी राहिली तर वाळणाऱ्या उसाचं नुकसानही आपलंच असतं.

बिलाचा हिशोब घरी करता येतो. 2025-26 च्या हंगामाला एफआरपी (केंद्राने ठरवलेला किमान दर) 10.25 टक्के उताऱ्याला, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या टक्केवारीला, टनाला 3,550 रुपये होती, आणि त्यावर दर 0.1 टक्क्याला 34.60. म्हणजे उतारा 11.25 असेल तर 3,896. यातून तोडणी-वाहतूक वजा होते. ती 850 धरली तर हाती 3,046. ही वजावट काही ठिकाणी सरासरीने होते. कारखान्याने लांबचा ऊस ओढला की त्याचं भाडं गेटजवळचा शेतकरीही भरतो, म्हणून आपल्या अंतराचा हिशोब लेखी मागावा. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे पैसे 14 दिवसांत मिळाले पाहिजेत, नाहीतर वर्षाला 15 टक्के व्याज. लाखाच्या बिलाला महिन्याचे 1,250 रुपये होतात. आपणहून ते बिलात घालणारा कारखाना विरळाच.

हे व्याज मागायचं कुणाकडे, हाच तर प्रश्न आहे. जिल्ह्यातले कितीतरी कारखाने आमदार-मंत्र्यांच्या घराण्यांच्या हातात आहेत, पक्ष कुठलाही असो. थकीत बिल जमीन महसुलासारखं वसूल करायचं काम जिल्हाधिकाऱ्यांचं, आणि त्यांच्या बैठकीत समोर बसतो तो कारखानदारच. 2025 च्या नोव्हेंबरात जिल्ह्यातल्याच गुर्लापूर क्रॉसवर आंदोलन करून शेतकऱ्यांनी तोडणी-वाहतूक वगळून टनाला 3,500 मागितले तेव्हा मुख्यमंत्र्यांना मध्ये पडावं लागलं. 3,300 वर मिटलं, त्यातले 50 सरकारने द्यायचं ठरलं.

सहकारी कारखान्यात निदान एका सभासदाला एक मत आहे, शेअर एक असो की शंभर. पण किमान व्यवहार आणि सभांची हजेरी नसली तर मताचा हक्क जातो. तोड वेळेवर दिली नाही की सभासद नाइलाजाने ऊस दुसरीकडे घालतो आणि व्यवहार तिथेच तुटतो. विरोधी गटाच्या माणसाची तोड का लांबते, ते यावरून समजावं. वार्षिक सभेच्या वहीत सही केल्याशिवाय उठू नये.

निपाणी-कागवाडकडे सेवा त्यातल्या त्यात बरी, कारण पलीकडच्या कोल्हापूर-सांगलीच्या कारखान्यांच्या टोळ्या बांधावर येतात आणि इथला स्लिपबॉय नरमतो. खानापूरकडे तो पर्याय फारसा नाही. तिथे एकट्याने तक्रार केली तर पुढच्या हंगामात तोच स्लिपबॉय भेटतो. गावातल्या दहा-पंधरा जणांनी नोंद, काटा आणि बिल या तिन्ही पावत्यांच्या झेरॉक्स लावून एकच अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात द्यावा आणि पोच घ्यावी.