ट्रेडमिल घेताय? चढ पुरे, की उतारही हवा?

नाशिकजवळचा अंजनेरी गड करून आलं की दुसऱ्या दिवशी जिना चढताना फारसं काही वाटत नाही, उतरताना मात्र मांड्या बोंबलतात. चढताना स्नायू आखडून जोर लावतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना ब्रेकचं काम करतो, आणि सवय नसेल तर दिवस-दोन दिवस ठणकत राहतो. उताराच्या ट्रेडमिलला जादा पैसे मोजायचे ते या एका सवयीसाठी.

हाताने चढ बदलायचं मशीन सगळ्यात स्वस्त. पट्टा थांबवा, खाली उतरा, वाका, खिट्टी काढा, पुढच्या टप्प्यात घाला. ओळखीत अशी तीन मशीनं आहेत, तिन्ही घेतल्यापासून एकाच टप्प्यावर आहेत. हा प्रकार सोडूनच द्या.

बटणावर चढणाऱ्या मशीनमध्ये पुढच्या बाजूला वेगळी लिफ्ट मोटर असते. ती स्क्रू फिरवते आणि पट्ट्याचं तोंड वर उचलते. इथे चढाचा 15 हा आकडा टक्क्यांचा असतो (100 फूट पुढे गेलं की 15 फूट वर), अंशांचा नव्हे. कोन भरतो जेमतेम साडेआठ अंश. दुकानदार बिनदिक्कत ‘पंधरा डिग्री’ म्हणतात. तेवढाही कमी नाही म्हणा. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या सूत्रानुसार ताशी 5 किमी चालताना सपाटीपेक्षा 10 टक्के चढावर दुपटीहून जास्त ऑक्सिजन लागतो. न धावता दम काढायचा तर हाच मार्ग. फक्त पुढची दांडी धरून लोंबकळू नका, नाहीतर चढ नावालाच उरतो.

उताराच्या मशीनमध्ये तोंड सपाटीच्याही खाली जावं लागतं. त्यासाठी सांगाडा मुळातच उंच ठेवतात, नाहीतर मागची बाजू उचलतात. उतार सहसा 3 ते 6 टक्केच मिळतो. गंमत अशी, की चढावर आपलंच वजन पट्ट्याला मागे ढकलतं आणि मोटरचा भार हलका होतो. उतारावर उलटं: पट्टा आपल्याला मागे, म्हणजे वरच्या दिशेला ओढत असतो. 80 किलोच्या माणसाचा 5 टक्के उतारावर साधारण 4 किलोचा जादा ओढा पडतो. म्हणून मोटरचा ‘पीक’ एचपी (क्षणभराची कमाल ताकद) नव्हे, सतत चालण्याचा एचपी विचारा. लिफ्ट मोटरची वॉरंटीही वेगळी विचारून लिहून घ्या.

आता टेप काढा. तुमची उंची 5 फूट 10 इंच, पट्टा जमिनीपासून 10 इंच, 15 टक्क्यांवर पुढे आणखी सातेक इंच, वर धावतानाची उसळी 4 इंच. झाले 7 फूट 7 इंच. सिडकोतल्या आमच्या बेडरूममध्ये माळा आहे 7 फुटांवर! मशीन शेवटी हॉलमध्ये आलं, टीव्ही सरकला, आणि बायकोचा अबोला दोन दिवस चालला.

माझं मत विचाराल तर शतपावलीवाल्यांना आणि वजन उतरवणाऱ्यांना 12–15 टक्के चढ भरपूर झाला. गुडघे आधीच कुरकुरत असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उताराच्या वाटेला जाऊ नका. दर पावसाळ्यात ब्रह्मगिरी, हरिहरसारखे ट्रेक करणाऱ्यांनी मात्र उताराचं मशीन जरूर बघावं. दुकानात बूट घालून जा, उणे 3 वर दहा मिनिटं चाला. पाऊल पडताना पट्टा क्षणभर अडखळला, तर किंमत विचारायचीही गरज नाही.