बटरफ्लाय बीच : वल्हवत जावे की चालत?

दक्षिण गोव्यात पाळोळ्याला मुक्काम, हाताशी एक मोकळा दिवस, आणि बटरफ्लाय बीचला जायचे हे नक्की. मग उरतो एवढाच प्रश्न की कयाक घ्यायची की डोंगरावरून उतरायचे. बोटीचा पर्याय मी धरलेला नाही. बोटवाल्याला पुढची फेरी असते, आणि आपण टेकतो न टेकतो तोच त्याची हाक येते. कयाक आणि पायवाट, दोन्ही मी केले आहे. दोन्हींत मजा आहे, पण सारखी नाही.

कयाकची बाजू खरोखर भक्कम आहे. पाळोळ्याच्या उत्तर टोकाच्या बेटाला बाहेरून वळसा घातला की शॅक आणि त्यांची गाणी मागे पडतात. उजव्या हाताला काळे खडक, वर झाडी, नशीब असेल तर समुद्री गरुड. डॉल्फिन दिसले तर बोटीतून दिसतात तसे खाली दिसत नाहीत. आपल्याच उंचीवर पाठ काढतात आणि आपण वल्हे मारायचे विसरतो. बेताच्या ताकदीच्या दोघांना तासभर पुरतो.

वाऱ्याचे मात्र बघावे लागते. सकाळी मतलई, म्हणजे जमिनीकडून येणारा, वारा असेपर्यंत पाणी निवांत असते. दुपारकडे वायव्येचा खारा वारा सुटतो, आणि मार्च-एप्रिलमध्ये त्याला चांगलाच जोर असतो. पाळोळ्याला परतताना तो पाठीशी येतो म्हणून लोक निर्धास्त असतात. पण मागून आलेली लाट कयाकचे शेपूट फिरवते, ती आडवी व्हायला बघते, आणि तिला सरळ ठेवण्यातच दंड भरून येतात. बटरफ्लायच्या उत्तरेच्या आगोंदहून निघालात तर हाच वारा परतीला थेट तोंडावर. तिकडून निघू नका, असेच मी म्हणेन.

हे सगळे मला चालले असते. चालले नाही ते किनाऱ्यावर पोचल्यानंतरचे. बटरफ्लाय बीच म्हणजे डोंगराच्या कुशीतला वाळूचा छोटा तुकडा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरती-ओहोटीत दोन मीटरच्या आसपास फरक पडतो, आणि तेव्हा तिथली बरीचशी वाळू पाण्याखाली जाते. कयाक वर ओढून ठेवावी, पोहायला जावे, वळून बघावे तर पाणी तिच्या बुडाशी आलेले. पुन्हा बाहेर येऊन ओढायची. दोघांची प्लास्टिकची कयाक ओल्या वाळूवरून ओढणे म्हणजे भरलेला हंडा आडवा करून नेण्यासारखे आहे. ती मागच्या खडकावर चढवावी तर तळाला ओरखडे पडतात, आणि त्याचा हिशेब परतल्यावर द्यावा लागतो. तासाचे भाडे चालू असतेच. थोडक्यात, जिथे कोणी नाही म्हणून आपण आलो, तिथे एक जण कायम राखणीला. दोघे एकत्र पाण्यात नाहीत, दोघे एकत्र झोपत नाहीत, आणि वरच्या झाडीत चार पावले टाकून यावे म्हटले तर तेही नाही. कुणाला ही क्षुल्लक गोष्ट वाटेल, वाटू दे. माझा मात्र निकाल तिथेच लागला.

चालत जाण्यात असली लटांबर नाही. पाळोळे-आगोंद रस्त्यावरून आत लाल मातीचा कच्चा रस्ता फुटतो. स्कूटर जाईल तिथवर न्यावी, पुढे अर्धा-पाऊण तास पायी. काजू, करवंदाच्या जाळ्या, मध्येच झाडी उघडून दिसणारे पाणी. वाटेला फाटे फुटतात, तेव्हा खाली उतरत जाणारी मळलेली वाट धरावी. शेवटचा उतार तीव्र आहे आणि जांभ्याची सुटी खडी पायाखाली घरंगळते, म्हणून चपला घालून जाणाऱ्यांनी थोडा विचार करावा. खरा त्रास परतीचा. मिठाने आंबलेले अंग, ओली चड्डी, वाळू नको तिथे घासते आहे आणि समोर चढ. सुके कपडे न्या आणि माणशी दोन लिटर पाणी न्या. किनाऱ्यावर हे मिळेल या भरवशावर राहू नका. परतीला कुणाची तरी बोट घेईल याही भरवशावर नको, बोटवाले आपापली माणसे मोजून नेतात. किनारा पश्चिमेकडे आहे, त्यामुळे सूर्यास्ताचा मोह होतोच. पण त्या वाटेने अंधारात चढणे मला तरी शहाणपणाचे वाटत नाही.

गुडघ्यांची तक्रार असेल, किंवा बरोबरचा माणूस वल्ह्यात मुरलेला असेल, तर खुशाल कयाकने जा. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या, दिवसांत भरतीही फार वर येत नाही. बाकीच्यांनी चालतच जावे आणि कयाकची हौस पाळोळ्यातच भागवावी, असे मी सुचवेन. उत्तर टोकाला समुद्राला मिळणारी खाडी आहे, ती सकाळच्या भरतीत वल्हवायला सुंदर.

दोन्ही एका दिवसात बसवायचे तर तिथी बघा. कोकणातला जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. एकादशीला म्हणजे सव्वाआठच्या सुमारास भरती आणि अडीचच्या सुमारास ओहोटी. इकडे थोडे मागेपुढे होते, ते किनाऱ्यावरच्या मच्छीमाराला विचारून घ्यावे. दशमी-एकादशीला सकाळी खाडीत वल्हवा, कयाक परत करा, नाश्ता करून स्कूटर काढा; बटरफ्लायला पोचाल तेव्हा वाळू उघडी पडत असेल. पावसाळ्याचे चार महिने मात्र समुद्राच्या बाजूने जायचा विषयच नको.

एकादशी पाळणारा कुणी बरोबर असेल तर दशमी बरी. परतल्यावर मासळीची थाळी सोडावी लागत नाही.