फुफ्फुसातली एकच गाठ: ऑपरेशन की एसबीआरटी?

कर्करोगामुळे मावशीची किडनी काढून तीन वर्षं झाली. आता फुफ्फुसात एक गाठ दिसलीय. मावसभाऊ विचारतो, कापायची की एसबीआरटी, म्हणजे गाठीवर नेमकं, मोठ्या डोसाचं रेडिएशन द्यायचं?

ऑपरेशनमध्ये गाठ हाती येते, पॅथॉलॉजिस्ट तपासतो, शंका उरत नाही. पण भूल, छातीत नळी, काही दिवस हॉस्पिटल. एसबीआरटी बहुधा एक ते पाच बैठकांत, भूल न देता उरकते. किडनीचा कर्करोग रेडिएशनला दाद देत नाही, हे जुन्या छोट्या डोसांबद्दल म्हटलं जायचं; मोठ्या, नेमक्या डोसापुढे तो बराच नमतो. त्रास म्हणजे थकवा, कधी फुफ्फुसाला सूज. शिवाय नंतर स्कॅनवर दिसतो तो व्रण की गाठ, हा घोळ वेगळाच.

तब्येत धडधाकट आणि गाठ कडेला असेल तर ऑपरेशन. मावशीसारखा दम लागत असेल तर एसबीआरटी. गाठी अनेक असतील तर आधी औषधं.