मागे ब्लेड लावलेला ट्रॅक्टर की जुना छोटा डोझर? बंद पडल्यावर कुठला जास्त रडवतो

मुरबाड-शहापूरकडे फार्महाउसचे प्लॉट सपाट करायचे, भिवंडीत गोदामांच्या आवारात मुरूम पसरायचा, अशा कामासाठी मशीन घ्यायला निघालेला माणूस शेवटी दोन पर्यायांवर येऊन अडतो. एक, ४०-४५ एचपीचा सेकंडहँड ट्रॅक्टर आणि मागे ब्लेड. दुसरा, कुणाच्या तरी यार्डात चार पावसाळे भिजलेला छोटा चेनवाला डोझर. ताकदीचा प्रश्नच नाही, तिथे डोझरच जिंकणार. पण मी शीळफाट्याला दोन्ही बाळगतो, आणि माझे पैसे गेले ते डिझेल आणि हायड्रोलिकच्या दुखण्यांत. तेव्हा तुलना त्याच बाजूने करतो.

डिझेलची लाइन दोघांचीही सारखीच: टाकी, जाळी, फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा), फिल्टर, मेन पंप (दाबाने नोझलला पाठवणारा), नोझल. सेल्फ मारताना इंजिन पेटत नसेल तर आधी सायलेन्सर बघा. पांढरा धूर येतोय म्हणजे डिझेल आत पोचतंय, जळत नाही. धूरच नाही म्हणजे ते पोचतच नाही. मग फिल्टरवरचा एअर स्क्रू ढिला करून हातपंप मारायचा. फेस थांबून सलग धार आली की आवळायचा. मग मेन पंपावरचा स्क्रू, शेवटी नोझलचे नट. तासाभरात परत हवा धरली तर टाकी ते फीड पंप एवढ्याच टप्प्यात शोधा. तिथे दाब नसतो, खेच असते, त्यामुळे डिझेल बाहेर ठिबकत नाही, हवा आत जाते. फीड पंपाच्या अलीकडे वीतभर पारदर्शक नळी जोडली की बुडबुडे सरळ दिसतात. पुष्कळदा दोष निघतो तो दुसऱ्यांदा वापरलेल्या तांब्याच्या वायसरचा.

पडघ्याला माझा ट्रॅक्टर वीस मिनिटं चालायचा, मान टाकायचा, आणि दहा मिनिटं थांबलं की काहीच झालं नाही असा सुरू व्हायचा. मिस्त्री म्हणाला, पंप गेला. पंप कॅलिब्रेशनला गेला, दोन दिवसांनी आला, आणि पहिल्याच दुपारी तेच. शेवटी टाकी उतरवली तर आत गोणपाटाचा रुपयाएवढा तुकडा. ड्रायव्हर कॅनमधलं डिझेल गोणपाटातून गाळून ओतायचा. इंजिन खेचायला लागलं की तुकडा तोंडावर बसायचा, बंद केलं की सुटून तरंगायचा. टाकीच्या झाकणाचं वाऱ्याचं भोक चिखलाने बुजलं तरी अगदी हेच होतं, म्हणून अशा वेळी आधी झाकण उघडून मशीन चालवून बघा.

एवढ्यापुरते दोघे बरोबरीत. फरक पडतो मेन पंपाच्या जातीने. बऱ्याच ट्रॅक्टरांना रोटरी पंप असतो आणि त्याच्या आतल्या सगळ्या भागांना वंगण डिझेलचंच. पावसाळ्यात अर्ध्या रिकाम्या टाकीत घाम धरून पाणी साठलं की तो पंप लवकर खराब होतो. जुन्या डोझरांना बहुधा इनलाइन पंप, ज्याला मिस्त्री अजून मायको पंप म्हणतात. त्याचा कॅम इंजिन ऑइलमध्ये फिरतो, तेवढा तो सोशिक. आपल्याकडच्या पावसात हा मुद्दा डोझरच्या खात्यात. रोटरीवाला अचानक बंद पडला तर पंप काढायच्या आधी चावी फिरवून सोलेनॉइडचा, म्हणजे डिझेल चालू-बंद करणाऱ्या विजेच्या खटक्याचा, टिक आवाज ऐका. कित्येकदा नुसती वायर सुटलेली असते.

खरी फारकत हायड्रोलिकमध्ये आहे.

ट्रॅक्टरची लिफ्ट, म्हणजे मागचं ब्लेड उचलणारे हात, फक्त वर उचलते, खाली येते ती वजनाने. म्हणजे कडक जमिनीत ब्लेड दाबता येत नाही, पण दुखणीही कमी. बऱ्याच ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स, मागचा हाउसिंग आणि लिफ्ट यांचं ऑइल एकच. त्यामुळे गिअरचा चुरा लिफ्टच्या जाळीवर येऊन बसतो. लिफ्ट हळू झाली की पहिला संशय जाळीवर. ऑइल ब्रेकवाल्या (ब्रेक ऑइलमध्ये बुडालेले असतात त्या) ट्रॅक्टरात साधं ६८ नंबरचं हायड्रोलिक ऑइल ओतू नका, ब्रेक थरथरतात. जुना मॅसी फर्ग्युसन ३५ घेत असाल तर एक गंमत: त्याचा लिफ्टचा पंप पीटीओवर, म्हणजे मागची अवजारं फिरवणाऱ्या शाफ्टवर, चालतो. पीटीओचा लिव्हर बंद असला की लिफ्ट मेल्यासारखी वाटते. ‘लिफ्ट खराब’ म्हणून पाडून मागितलेल्या किमतीचं कारण कधी कधी एवढंच असतं.

डोझरचा सिलिंडर दोन्हीकडून दाब घेतो, म्हणून ब्लेड जमिनीत घुसतं. त्याचबरोबर तपासायच्या जागा वाढतात: पंप, रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडणारा), स्पूल (लिव्हरने सरकून ऑइलची वाट बदलणारा दांडा), पिस्टनचं सील. आत सील फाटलं तर बाहेर थेंब दिसत नाही, नुसतं ब्लेड सरकत राहतं. अंदाजाने सुटे भाग बदलणारा मिस्त्री इथे मालकाला बुडवतो. आधी दाब मोजायचं गेज लावा. लिव्हर टोकाला धरल्यावर दाब मशीनच्या पुस्तकातल्या आकड्याजवळ येतो का बघा. अशा मशीनमध्ये तो साधारण १५० ते २०० बारच्या आसपास असतो. थंड असताना दाब नीट आणि दुपारी ऑइल तापल्यावर पडतो, तर पंप झिजलाय. थंड असतानाही कमीच, तर रिलीफ व्हॉल्व्ह उघडून बघा, कचरा अडकलेला असू शकतो. दाब पुरेसा आहे आणि ब्लेड तरी सरकतंय, तर सील किंवा स्पूल. आणि ब्लेड झकास उचललं जातं पण मशीन ढकलत नाही, तर तो रोग ट्रान्समिशनचा. ब्लेडच्या हायड्रोलिकवर एक पैसाही घालू नका.

ऑइलचा रंगही बोलतो. तळोज्याला मी एक डोझर बघायला गेलो होतो. हायड्रोलिक टाकीचं झाकण गायब, तोंडाला दुधाची पिशवी सुतळीने बांधलेली. डिपस्टिकवर आलं ते चहात दूध जास्त झाल्यासारखं: पाणी. फेस दिसला तर पंप हवा खेचतोय, त्याला जोडीला कुईं असा आवाज असतो. आणि चमचमणारा चुरा दिसला तर परत फिरा, कारण पंप फुटल्यावर तो चुरा होजपाइप, व्हॉल्व्ह, सिलिंडर सगळीकडे पोचतो. नुसता नवा पंप बसवला तर तोही महिन्याभरात जुन्याच्या वाटेला.

काहीही उघडण्याआधी ब्लेड जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा, लिव्हर हलवून दाब सोडा. बारीक गळती बोटाने कधीच शोधू नका, पुठ्ठा फिरवा. सुईएवढ्या भोकातली धार कातडीत घुसते. जखम टाचणीएवढी दिसली तरी तडक हॉस्पिटल गाठायचं.

माझं मत विचाराल तर काम विखुरलेलं असेल, आज मुरबाड परवा उरण, तर ट्रॅक्टर घ्या. बिघडला तरी लंगडत, नाहीतर ओढून गॅरेजला नेता येतो. डोझर जाग्यावर बसला की मिस्त्रीला तिथे न्यायचं, नाहीतर लोबेड (मशीन वाहणारा बुटका ट्रेलर) मागवायचा, आणि लोबेडच्या भाड्यात ट्रॅक्टरचं सील किट केव्हाच बसतं. एकाच साइटवर दोन-तीन महिने भरावाचं काम आहे आणि गेज वापरणारा फिटर हाताशी आहे, तरच डोझरकडे बघा.

बघायला जाल तेव्हा आधी फोन करून मशीन गरम करून ठेवू नका म्हणून सांगा. बोनेटला हात लावून खात्री करा, थंड इंजिन स्वतः सुरू करा. मग तासभर काम करून घ्या, ब्लेड अर्ध्यावर उचला, सिलिंडरच्या दांड्यावर खडूची रेघ मारा, इंजिन बंद करा आणि मालकाबरोबर कटिंग घ्यायला जा. ब्लेडखाली कुणी उभं राहणार नाही एवढं बघा. परत आल्यावर रेघ बोटभर सरकली असेल तर सील किटचे पैसे किमतीतून कापून मागा. ब्लेड जमिनीला टेकलं असेल तर चहाचे पैसे देऊन निघा.